फिट येणारे मूल आणि त्याची शाळा

या दुखण्याला आपल्याकडे नावे पुष्कळ आहेत. कोणी मिरगी म्हणते, कोणी फेफरे म्हणते, कोणी आकडी म्हणते. आता बहुतेक लोक 'फिट आली' असे म्हणतात. जुन्या वैद्यकात, चरकाच्या ग्रंथात, याला अपस्मार म्हटले आहे. अपस्मार म्हणजे आठवण हरपणे. नाव जुने आहे, पण त्यात एक खूण आहे. हे दुखणे नुसते अंग झाडून निघून जात नाही. ते मुलाच्या शिकण्यालाही धक्का लावते. म्हणून हा धडा फिट येणाऱ्या मुलाच्या शाळेविषयी आहे.

मी पुष्कळ वर्षे खेड्यातल्या शाळेत मास्तर होतो. शेवटी मुख्याध्यापक होतो. एखाद्या पोराला वर्गात फिट आली, की चार दिवसांनी त्याचा बाप शाळेत येणार, हे जवळजवळ ठरलेले. तो म्हणे, "गुरुजी, नाव काढून टाका. याच्या डोक्यात काही राहत नाही. ढोरामागं जाईल." मुलगी असली तर आणखी एक कारण निघे. "चार लोकांत पडली, तर लगीन कसं व्हायचं?"

आता विचार करा. फिट येणारे पोर ढोरामागे गेले, तर ते एकटे नदीवर, विहिरीवर, झाडावर असणार. मुलगी घरी बसली, तर ती चुलीपुढे बसणार. फिट पाण्यात आली किंवा चुलीपुढे आली, तर जीवावर बेतते. वर्गात गुरुजी असतात आणि तीस-चाळीस मुले असतात. म्हणजे जास्त सुखरूप जागेतून काढून आपण मुलाला धोक्याच्या जागी बसवतो. आणि वर त्याची विद्याही जाते.

बियाणे वाईट नाही, पाट फुटला आहे

शेतातली गोष्ट घ्या. तुम्ही पाणी सोडले, दारे धरले. तरी शेवटचा वाफा कोरडाच राहिला. पीक पिवळे पडले. तुम्ही लगेच बियाणे वाईट म्हणता का? नाही. तुम्ही पाटाच्या कडेने चालत जाता. कोठे खेकड्याने बांध पोखरला आहे, कोठे गवताने पाणी अडले आहे, ते बघता. जागा सापडली की माती लावता.

फिट येणाऱ्या मुलाचे बहुधा असेच असते. गुरुजी शिकवतात, पण शिकवणे शेवटपर्यंत पोचत नाही. वाटेत कोठेतरी गळते. आपण मात्र पोराला 'ढ' म्हणून मोकळे होतो. फिट येणाऱ्या पुष्कळ मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. म्हणून आधी गळती कोठे आहे ते शोधायचे.

फिट म्हणजे काय?

आपला मेंदू असंख्य बारीक पेशींचा बनलेला आहे. त्या एकमेकींना अगदी सौम्य विजेने निरोप देतात. ग्रामसभेत एकेक जण उठून बोलतो, तोवर काम चालते. पण सगळे एकदम ओरडायला लागले, तर कोणाचेच ऐकू येत नाही. फिट आली म्हणजे मेंदूत तसेच होते. पुष्कळ पेशी एकदम निरोप पाठवतात. थोड्या वेळाने गलका थांबतो आणि माणूस शुद्धीवर येतो.

हे भुताटकीचे काम नाही. देवीचा कोप नाही. मागल्या जन्मीचे पाप नाही. हा रोग शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने किंवा तोंडाच्या फेसाने लागत नाही. फिट येणाऱ्या मुलाशेजारी बसून डबा खायला काहीच हरकत नाही.

एकदा फिट आली म्हणजे मिरगी जडली, असेही नाही. लहान लेकरांना जोराचा ताप आला की आकडी येते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत असे होऊ शकते. त्यातली बहुतेक मुले पुढे ठणठणीत राहतात. तरी पहिली आकडी आली की डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. ताप नसताना फिट पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर तिला मिरगी म्हणतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हे दुखणे आहे. त्यातले १ कोटीहून अधिक आपल्या भारतात आहेत. तेव्हा हे दुखणे काही आपल्याच घरावर आलेले नाही.

पहिली गळती: डोळे उघडे, पण मूल जागेवर नाही

सगळ्या फिटमध्ये अंग झाडत नाही. एक फिट अशी असते, की ती आली हे कोणाला कळतही नाही. ही बहुधा चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होते. मूल बोलता बोलता थांबते. नजर एका जागी लागते. पापण्या किंचित फडफडतात. दहा-पंधरा सेकंदांनी मूल पुन्हा काम सुरू करते. मधे काय झाले, हे त्याला ठाऊक नसते. असे दिवसातून वीस-तीस वेळा, कधी त्याहूनही जास्त होते.

माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे. पण शुद्धलेखनाच्या वहीत मधलेच शब्द गायब असत. वाक्याची सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, मधे रिकामे. मुले सातचा पाढा म्हणत. ही 'सात चोक अठ्ठावीस' पर्यंत बरोबर असे, आणि मग एकदम 'सात नव्वे त्रेसष्ट' ला येऊन मिळे. मधल्या चार ओळी तिने ऐकलेल्याच नसत. घरचे म्हणत, "पोरगी येडी हाय, लक्ष देत न्हाई." मी तिच्या आईला म्हटले, "माई, हिला मोठ्या दवाखान्यात दाखवा." तपासणीत ही फिटच निघाली. औषध सुरू झाले आणि वहीतल्या मोकळ्या जागा भरू लागल्या.

आता हिशेब करू. दहा सेकंदांची फिट दिवसात तीस वेळा आली, तर तीनशे सेकंद झाले. म्हणजे पाचच मिनिटे. एवढ्याने काय बिघडते? बिघडते ते असे. पाच मिनिटे एकदम गेली, तर मूल नंतर विचारून घेते. पण तीस ठिकाणी धागा तुटला, तर गोष्टच कळत नाही. गणिताची मधली पायरी गेली, तर उत्तर कोठून आले ते उमगत नाही.

मूल नुसते तंद्रीत आहे की ही फिट आहे, हे कसे ओळखावे? तंद्रीतल्या मुलाला हाक मारा, खांद्याला हात लावा. ते दचकून भानावर येते. फिट असेल तर हाकेने भानावर येत नाही. शिवाय तंद्री बहुधा कंटाळा आल्यावर लागते. ही फिट खेळताना, बोलताना, हातातला घास तोंडाशी नेतानाही येते.

दुसऱ्या एका प्रकारात मूल ओठ चावल्यासारखे करते, कपड्याशी चाळा करते, जागेवरून उठून उगाच फिरते. विचारले तर उत्तर देत नाही. गुरुजींना वाटते, पोर उद्धट आहे. अशी फिट बहुधा मेंदूच्या ज्या भागातून निघते, तो आठवण ठेवण्याच्या कामाचा असतो. म्हणून काल पाठ केलेले आज आठवत नाही. यात मुलाचा आळस नाही.

दुसरी गळती: रात्रीची फिट

काही मुलांना फिट फक्त झोपेत येते. घरच्यांना पत्ताही नसतो. सकाळी उशीवर रक्ताचा डाग दिसतो. जीभ चावलेली असते. मोठ्या मुलाचे अंथरूण ओले होते. अंग ठणकते. दिवसभर शिकलेले डोक्यात पक्के बसते, ते झोपेत. ती झोपच मोडली, तर शिकलेले कच्चे राहते. असे पोर शाळेत पेंगते आणि मार खाते. खरे तर त्याला दवाखान्यात न्यायला हवे.

तिसरी गळती: बुडालेले दिवस

मोठी फिट आल्यावर मूल थकते, झोपते. कधी तासभर, कधी दिवसभर डोके जड राहते. मग तालुक्याच्या दवाखान्याची खेप होते. महिन्यातून चार-पाच दिवस असे गेले, तर अभ्यास मागे पडणारच. वजाबाकी शिकवली त्या दिवशी पोर घरी होते. पुढे भागाकार आला, तेव्हा त्याला तो कसा जमणार? यावर उपाय सोपा आहे. बुडालेला धडा मित्राच्या वहीतून उतरवून घ्यावा. गुरुजींना तो पुन्हा समजावून द्यायला सांगावे.

चौथी गळती: गोळीची गुंगी

फिटच्या गोळीने फिट थांबते. पण काही गोळ्यांनी गुंगी येते. फेनोबार्बिटोन नावाची जुनी आणि स्वस्त गोळी १९१२ सालापासून वापरात आहे. तिने पुष्कळांची फिट थांबली. पण काही मुले तिने पेंगतात, तर काही उलट चुळबुळी होतात, एका जागी बसत नाहीत. असे दिसले तर आपल्या मनाने गोळी बंद करू नका. गोळी एकदम तोडली, तर लागोपाठ फिट येऊन जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना सांगा, "गोळी सुरू झाल्यापासून पोर वर्गात झोपतं." ते मात्रा कमी-जास्त करतील किंवा गोळी बदलतील. हे सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार कसे?

आणखी एक गोष्ट. शेजारच्या पोराची गोळी आपल्या पोराला देऊ नका. फिटचे प्रकार निरनिराळे आहेत. एका प्रकाराला जी गोळी लागू पडते, तीच दुसऱ्या प्रकारची फिट वाढवू शकते.

पाचवी गळती: भीती आणि लाज

वर्गात एकदा फिट आली, कपडे ओले झाले, मुले हसली. मग ते पोर दुसऱ्या दिवशी पोटात दुखते म्हणून सांगते. शाळेत आले तरी मागे बसते, हात वर करीत नाही. त्याचे अर्धे लक्ष 'आता पुन्हा येते की काय' इकडे असते. घरी आई-बाप घाबरून त्याला खेळू देत नाहीत, कामही सांगत नाहीत. पोराला वाटू लागते, आपण बिनकामाचे. ही गळती बाहेरून दिसत नाही, पण पुष्कळ पाणी येथूनच जाते.

सहावी गळती: मेंदूची जखम

काही मुलांच्या मेंदूला आधीच इजा झालेली असते. जन्मताना मूल उशिरा रडले, लहानपणी मेंदूज्वर झाला, डोक्याला मार लागला, अशी कारणे असतात. आपल्या देशात आणखी एक कारण पुष्कळ आढळते. पोटातल्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी आणि भाजीपाल्यावर जातात. तेथून ती पोटात जातात आणि त्यांच्या गाठी मेंदूत होतात. म्हणून संडासाचा वापर, हात धुणे आणि कच्ची भाजी चांगली धुऊन खाणे, हेही फिट टाळण्याचे उपाय आहेत.

मेंदूला इजा झालेल्या काही मुलांना फिट थांबली तरी अभ्यास जड जातो. हे मान्य केले पाहिजे. अशा मुलाला भावंडाशी तोलू नये. त्याला थोडे थोडे, सावकाश, पुन्हा पुन्हा शिकवावे. आपले नाव लिहिणे, पैसे मोजणे, बसची पाटी वाचणे, एवढे आले तरी त्याचे आयुष्य सोपे होते.

उपचार कोठे आणि कसा?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नीट उपचार मिळाले तर दहांतल्या सात जणांची फिट थांबू शकते. गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागते. फिट येणे थांबले म्हणजे रोग गेला असे नाही. बहुधा निदान दोन वर्षे फिट आली नाही, तरच डॉक्टर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. लग्नाच्या वरातीतले आणि जत्रेतले जागरण अशा मुलाला सोसत नाही. झोप मोडली की फिट येते.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आशाताईंना विचारा. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येऊन मुले तपासते. फिट येत असेल तर त्यांना सांगा, लपवू नका. ते पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतात. तेथे डोक्याला तारा लावून मेंदूची पट्टी काढतात. ती काढताना दुखत नाही. शॉक देत नाहीत. मेंदूतली वीज नुसती कागदावर उमटते.

गुरुजींना काय सांगावे?

फिटची गोष्ट गुरुजींपासून लपवू नये. मोकळेपणाने म्हणावे, "गुरुजी, हिला फिट येते. औषध चालू आहे. एवढं सांभाळून घ्या."

मुलाला पुढे, फळ्याजवळ बसवावे. सांगितलेले फळ्यावर लिहावे, म्हणजे सुटलेले पुन्हा वाचता येते. मूल मधेच थांबले तर रागावू नये, शेवटचे वाक्य पुन्हा सांगावे. परीक्षेत सवड द्यावी. खेळात घ्यावे. फक्त पोहणे आणि झाडावर चढणे एकट्याने नको. आणि वर्गातल्या मुलांना या दुखण्याची माहिती द्यावी. माहिती मिळाली की मुले हसत नाहीत, मदत करतात.

फिट आली तर काय करावे, हे सर्वांनी शिकून ठेवावे. मुलाला जमिनीवर राहू द्या. दगड, टेबल, विळा बाजूला सारा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा. गळ्याजवळचे बटण सोडा. जमेल तसे एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. घड्याळ बघा. हात-पाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, कापड काही घालू नका. जीभ गिळली जात नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. हातात किल्ली देऊन फिट थांबत नाही. ती आपोआप थांबते. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन लावा.

कायदा काय म्हणतो?

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे. फिट येते म्हणून शाळेला अशा मुलाचे नाव काढता येत नाही. आणि आई-बापांनीही ते काढू नये.

लग्नाचेही ऐका. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात मिरगी ही लग्नाला आड येणारी गोष्ट धरली जाई. १९९९ साली कायदा बदलला आणि ती अट काढून टाकली. आता मिरगी असलेल्या मुलीचे किंवा मुलाचे लग्न कायद्याने पूर्ण योग्य आहे. तेव्हा लग्नाच्या काळजीने मुलीची शाळा सोडवू नका. दुखणे लपवून लग्न लावू नका. लपवले की गोळी चोरून घ्यावी लागते, मग चुकते, आणि फिट येते.

तुमची वही हेच मोठे औषध

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ती विद्या येथे कामी येते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "फिट कधी आली? किती वेळ होती? काय झालं?" आपण म्हणतो, "येते अधूनमधून." एवढ्यावरून डॉक्टरांनी काय ठरवावे? बहुतेक फिट डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे येत नाही. ती तुमच्या पुढे येते. म्हणून एक वही करा. असे लिहा:

५ जुलै. सकाळी १० वाजता. वाचताना थांबली, पापण्या हलल्या. दहा आकडे मोजेपर्यंत. गोळी घेतली होती.

८ जुलै. पहाटे ४ वाजता. अंग ताठ झाले, मग झटके. दोन मिनिटे. आदल्या रात्री गोळी चुकली.

९ जुलै. शाळेत गेली नाही. गणिताचा धडा बुडाला.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल. तारीख आणि वेळ चुकवू नका. घरात चांगला फोन असेल तर फिट चालू असतानाचे चित्रही काढून ठेवा. ही वही डॉक्टरांना दाखवा आणि गुरुजींनाही दाखवा. डॉक्टरांना त्यातून फिटचा प्रकार कळेल. गुरुजींना त्यातून बुडालेले धडे कळतील. पाट कोठे फुटला आहे, ते त्या वहीत दिसेल.

वही जुनी असली तरी चालेल. मागची कोरी पाने घ्या. आज जेवण झाले की दिव्याशी बसून पाच रकाने आखा: तारीख, वेळ, काय झाले, किती वेळ, गोळी. मूल लिहिते असेल तर रकान्यांची नावे त्यालाच लिहू द्या.